बारा जागा

कंपनीने बाराच जागा विकत घेतल्या.
जागा म्हणजे खुर्ची नव्हे, लॉगिन.
रॉटरडॅमला चार, पुण्याला पाच,
आणि सोहारच्या या पोर्टाकेबिनला तीन :
रोझलिन, सालिम, मी.
बाहेर पाइपांच्या रांगेत एकोणसाठ माणसं.
त्यांना जागा नाही.

मी इचलकरंजीची. माग बघत वाढले.
म्हणून पहिल्या दिवशी मला हा बोर्ड आवडलाच :
करायचंय, चालू आहे, झालं.
कुठला धागा कुठे तुटला,
उभं राहिलं की दिसतं.

फक्त त्याला रविवारी सुट्टी हवी असते.
कितीदा सांगितलं, बाबा रे, इथे शुक्रवार.
जुलैत साडेबारा ते साडेतीन
उन्हात माणूस उभा करायचा नाही, असा इथला कायदा;
ते तीन तास तो लाल रंगात दाखवतो,
आणि पुण्याहून मृण्मयी विचारते,
ताई, तिथे रोज दुपारी काय होतं?

यादगिरी निजामाबादकडचा. फिटर.
त्याचा निरोप येतो आवाजात,
मागे ग्राइंडर, समुद्राचा वारा, कुणीतरी खोकतंय :
"मॅडम, सतरा नंबर वॉल्व हो गया."
मी सतरा नंबरचं कार्ड उचलते,
'झालं' मध्ये सोडते.
काम कुणी केलं, या चौकोनात
बारांपैकीच एक नाव बसतं.
मी माझं बसवते.
कोपऱ्यात माझा गोल फोटो उमटतो,
लग्नाआधीचा, गणपतीपुळ्याला काढलेला.

महिनाअखेरीस सिस्टीमने सोनेरी कप पाठवला.
अभिनंदन हेमांगी, तीनशे बारा कामं पूर्ण!
रॉटरडॅमहून टाळ्या आल्या,
पिवळे पिवळे हात.
मी पाना धरलाय तो एकदाच,
घरच्या गॅसचा, तोही उलटा.

दुसऱ्या दिवशी तो परमिटवर सही घ्यायला आला.
हेल्मेट काढलं तर कपाळावर पट्ट्याचा वळ.
एसीच्या झोतापासून जरा लांबच उभा राहिला,
घाम थंड झाला की ताप येतो म्हणाला.
मी स्क्रीन त्याच्याकडे वळवली.
हे सगळं तुझं, म्हटलं. माझ्या नावावर आहे.
रागावेल असं वाटलं होतं. किंवा हसेल.
त्याने आधी बोट पँटला पुसलं,
मग एकेक कार्ड वर सरकवत गेला.
वाचत नव्हता, आकडे ओळखत होता.
बावीस : हिचा बोल्ट गंजलेला, अर्धी रात्र गेली.
तीस : इथे नखं गेलं.
चाळीसला थांबला.
"ये मेरा नहीं. ये गणेशन का है."
एक्केचाळीस, बेचाळीस? "वो भी गणेशन."
चौपन्न कुणा इलियासचं, तो आता नाही इथे,
सुट्टीवर गेला तो आलाच नाही.

सही झाली. तो गेला.
टेबलावर त्याच्या बोटाचा ग्रीस राहिला,
रोझलिनने टिश्यू पुढे केला, मी घेतला नाही.

त्या संध्याकाळी मी कार्डं उघडत बसले.
खाली वर्णनाच्या रिकाम्या ओळीत
काम : यादगिरी. काम : गणेशन. काम : इलियास.
एकदा चुकून नावाआधी ते गोल शेपटीचं चिन्ह पडलं.
सॉफ्टवेअरने शोधलं, क्षणभर फिरलं, म्हणालं,
या टीममध्ये अशी व्यक्ती नाही.
मी चिन्ह खोडलं. नाव राहू दिलं.

प्रत्येक बदलाची सूचना बारा जणांना जाते.
सोळा झाल्यावर मृण्मयीचा मेसेज :
ताई, सिस्टीम हँग झालीय का?
रॉटरडॅमला अजून ऑफिसची वेळ होती.
तिथून प्रश्नचिन्ह आलं, एकच.

बाहेर रात्रपाळीची बस लागली होती.
मी सतरावं कार्ड उघडलं.
त्याचं राहिलंच होतं.