पिग्मी

चार वाजले की नानलपेठेतून सायकल काढतो.
मुंजाजी पंक्चरवाला वीस,
नोटेला सोल्यूशनचा वास.
शाहीन आपा पिको-फॉलच्या मशीनवरून न उठता
पन्नास,
ईदच्या तोंडावर काम वाढतं
तेव्हा न मागता शंभर.

रसवंतीवाला ग्यानोबा रोज म्हणतो,
आज ऱ्हाऊ द्या की, उद्या डबल घ्या.
एकोणीस वर्षांत
डबलवाला उद्या परभणीत आला नाही.
मी वाद घालत नाही.
थांबतो जरा,
चरकाचे घुंगरू ऐकत.
मग तो ओल्या हातानं गल्ला उघडतो.

मागल्या उन्हाळ्यात, रात्री हिशेब जुळल्यावर
बायकोनं विचारलं,
यात आपलं खातं कितव्या पानावर?
मी पानं उलटत राहिलो,
असेलच कुठंतरी, असा चेहरा करून.

आता मोंढ्यावरून घरी पोचलो
की ती दारातच असते,
कणकेचा हात पुढं.
चप्पल काढायच्या आधी
माझ्याच नावाची पावती फाडतो,
तीस रुपये.
ती आकडा वाचते, अक्षरी रक्कमसुद्धा.

काल म्हणून बघितलं,
आज ऱ्हाऊ दे, उद्या डबल.

बोलली काहीच नाही.
थांबली जरा.