सतरंजी मागायला

प्रभुभोजनाचे पेले मीच धुते.
बोटभर उंचीचे, काचेचे, एकूण चौसष्ट.
मंडळी त्रेसष्ट.
एक जास्तीचा का पुसते
ते कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

अंबडच्या रस्त्याला आमचं चर्च,
पत्र्याचं, मोसंबीच्या बागेला पाठ लावून.
खाली शहाबादी फरशी.
पौषात ती अशी गार पडते
की म्हातारी माणसं
आमेनच्या आधीच उठून उभी राहतात.

अकरा वर्षांमागं तिथं सतरंजी होती,
निळ्या-तांबड्या पट्ट्यांची, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.
शांतवन खरातानं दिलेली,
थोरल्याला नोकरी लागली म्हणून.
त्याच थोरल्यानं सेलूकडची बायको केली.
गोदावरी तिचं नाव.
पहिल्या रविवारी आली ती,
कपाळावर रुपयाएवढं कुंकू,
हातात गीतांचं पुस्तक, उलटं धरलेलं.
मी दारात होते.
म्हणाले, ते पुसून ये आत.

चार शब्द का पाच, मी मोजलेत.
अकरा वर्षं दुसरं केलं काय.

पोरगी आधी हसली, तिला वाटलं मी थट्टा करते.
मग पदर कपाळावर ओढून मागं फिरली.
शांतवन भांडला नाही.
उपासना संपेपर्यंत थांबला,
माणसं उठली तशी सतरंजी गुंडाळली,
खांद्यावर घेतली आणि गेला.

पाळक बदलले चार.
चौघंही क्षमेवर बोलले, एक तर फार सुंदर.
मी पुढच्या ओळीत मान हलवायची.
कमिटीत निघालं, नवी सतरंजी घेऊ.
मीच म्हणाले, पैसे नाहीत.
पैसे होते.

यंदा नाताळाच्या आधी निघाले,
हा गुडघा घेऊन.
काय बोलायचं ते रस्ताभर जुळवलं,
खराताच्या फाटकाशी सांडलं सगळं.
गोदावरी तुरीच्या शेंगा सोलत होती.
कपाळ तसंच. केस थोडे पिकलेले.
माफी तोंडातनं निघेना.
म्हणाले, सतरंजी मागायला आले.

तिनं हात पुसले. आत गेली.
पेटीमागून ओढत आणली,
लिंबाचा वाळका पाला झडत होता तिच्यातनं.
"एक कोपरा उंदरानं खाल्ला, मामी.
मी ठिगळ लावलंय. रंग जुळला नाही.
दर उन्हाळ्यात टाकते उन्हाला.
म्हटलं, मागतील कधीतरी."

मी उंबऱ्यावरच बसले.
तेव्हा निघाले बाकीचे शब्द,
कसेही, मागचे पुढं.
ती म्हणाली, मला लई लागलं होतं.
असू द्या म्हणाली नाही. बरं केलं.
असू द्या म्हणाली असती
तर मी आले तशीच परत गेले असते.
मग मूठभर शेंगा माझ्या ओट्यात टाकल्या.
सोला, म्हणाली.

रविवारी सतरंजी आली,
एक टोक तिनं, एक माझ्या नातवानं धरून.
ठिगळ पोपटी. लांबून डोळ्यात भरतं.
तिच्या कपाळाकडं बघून कमिटीतले दोघं खाकरले.
मी उठून तिच्या शेजारी जाऊन बसले,
त्यांना खाकरायचं ते दोघींकडं बघून खाकरू दे.

शांतवन आत आला नाही.
चपला काढून पायरीवर बसला.
गीत सुरू झालं तसा त्याचा जाड आवाज
खिडकीतनं येऊ लागला,
अर्धा सूर मागं, पहिल्यासारखाच.

जास्तीचा पेला ताटात भरलेला राहिला.
तो घेऊन मी दारापर्यंत गेले.
त्यानं बघितलं. मान हलवली.
आज नाही.
पण थोडा सरकला,
पायरीवर एका माणसापुरती जागा झाली.
गुडघा नको म्हणत होता.
बसले.