लिटरमागे पस्तीस ग्रॅम

बाबांनी समुद्र पाहिला एकसष्टाव्या वर्षी,
विणकर सोसायटीच्या सहलीत, दिवेआगरला.
चूळ भरली, थुंकले, म्हणाले,
"एवढं मीठ कोनं टाकलं असन?"
आठ महिन्यांनी टिमकीच्या घरात,
मागाचा खड्डा जिथे होता
तिथे फरशी घालून
त्यांनी काचेची टाकी ठेवली.

पेंचचं पाणी आपल्या तोंडाला गोड,
पण माशांना त्यातलं क्लोरीन सोसत नाही.
म्हणून आरओचं पाणी बादलीत मोजून,
त्यात पुण्याहून मागवलेलं मीठ,
लिटरमागे पस्तीस ग्रॅम.
सूत तोलायच्या जुन्या तराजूवर
बाबा ते दोनदा तोलायचे.

मी दिवसभर लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासते.
संध्याकाळी टिमकीला थांबून टाकीचं पाणी.
आठ थेंब या बाटलीतले, आठ त्या, पाच मिनिटं थांब.
नळी पिवळी राहिली तर ठीक.
हिरवी म्हणजे अमोनिया.
पहिले काही आठवडे नुसती हिरवी.

शेजारचे हेडाऊ काका रोज डोकवायचे.
"मासोळ्या कुठं हायेत गा, किसनाजी?"
"येऊन राहिल्या."
"कशानं? रेल्वेनं?"
आत वाळू, दगड, फिरणारं पाणी
आणि कोणासाठी लावलाय कळू नये असा दिवा.

मला वाटलं, समजावून सांगावं लागेल:
दगडाच्या भोकाभोकांत जीव वस्ती करतात,
दिसत नाहीत, विष खातात,
त्यांची संख्या वाढेपर्यंत
मासा सोडला तर तो स्वतःच्याच मुतात मरतो.
मी निम्म्यावर होते. बाबा म्हणाले,
"ताणा."
मग, "लुगड्याच्या आधी ताणा असते, बाई.
हजारो धागे एकेक करून फणीतून ओढा.
पाहणाऱ्याले माग रिकामाच दिसते."

बेचाळिसाव्या दिवशी नळी पिवळी.
दुसऱ्या दिवशीही.
तरी बाबांनी आणखी एक आठवडा काढला.

सीताबर्डीहून इर्शादभाईंकडून दोन क्लाउनफिश आणले,
बोटाच्या पेराएवढे.
थेट टाकीत नाही. मोरीतल्या वेगळ्या टबात,
पिशवी तरंगवून, थेंब थेंब पाणी मिसळत, दीड तास.
पाचव्या दिवशी एकाच्या अंगावर
रवा सांडल्यासारखे ठिपके.
औषध दिलं, पाणी बदललं, नवव्या दिवशी तो गेला.
बाबा काही बोलले नाहीत.
टब रिकामा करून घासला, उन्हात उपडा घातला,
दुसऱ्याला नव्या पाण्यात ठेवून
पुन्हा पहिल्यापासून दिवस मोजायला लागले.

मग नवतपा.
रात्री दोनला लाइट गेली,
कूलरच्या वाळ्याच्या ताट्या अर्ध्या तासात सुकल्या.
टाकीतला काटा सव्वीसवरून अठ्ठावीस, मग तीस.
फ्रीजमध्ये गोठवून ठेवलेल्या बाटल्या
झाकण घट्ट लावून मी पाण्यात सोडल्या.
पंप बंद, म्हणून बाबा तांब्याने पाणी उचलत
आणि वीतभर उंचीवरून परत ओतत राहिले,
हवा मिसळावी म्हणून.
त्यांचा हात दुखला तेव्हा तांब्या हेडाऊ काकांनी घेतला,
बनियनवर, घामाघूम.
"एवढ्याश्या जिवासाठी," ते म्हणाले, आणि ओतत राहिले.

सहाला लाइट आली.
मासा दगडाच्या सावलीतून बाहेर येऊन
काचेला तोंड लावून उभा, खायला मागत.
"चिमूटभरच," बाबा म्हणाले. "उरलं तर सडते."
मग बोट बुडवून जिभेला लावलं.
"खारं झालं."
रात्रीत एवढं कळतं का चवीने?
मी भिंगाच्या नळीतून पाहिलं: छत्तीस.
पाणी उडून गेलं होतं, मीठ जागेवर होतं.
बाबांनी साध्या पाण्याचा तांब्या भरला,
मीठ न घातलेला,
आणि कडेकडेने
सावकाश सोडायला लागले.