पांढरी वात

कॉफीचा रिकामा डबा, आत एक बुटकी मेणबत्ती,
काडेपेटी प्लास्टिकमध्ये तीनदा गुंडाळलेली.
आई तो डिकीत नाही, मागच्या सीटखाली ठेवायची.
"डिकीचं दार बर्फाने धरलं तर
डबा काय बाहेरून हाका मारणार?"

शिवाय फावडं, मांजरांच्या वाळूची पिशवी, चार घोंगड्या,
आणि ओस्तापकडून घोटून घेतलेलं:
अडकलो तर गाडी सोडायची नाही.
दिवा दिसला तरी नाही. दिवा जवळ वाटतो, असतो कुठे.
इंजिन तासाला दहा मिनिटं,
त्याआधी धुराची नळी मोकळी करायची,
खिडकी बोटभर उघडी.
माझा भाऊ हे पाढ्यांच्या चालीवर म्हणायचा
आणि "बोटभर"ला नाकात बोट घालायचा.

सहा जानेवारी. सास्काटूनहून कनोराला,
स्तेफ्का आत्याकडे, जुन्या पंचांगाचा नाताळ.
माझ्या मांडीवर पातेलं: शिजवलेला गहू, मध, खसखस.
आत्या खिडकीशी असणार, पहिल्या चांदणीसाठी.
ती दिसल्याशिवाय त्या रात्री कुणी घास घेत नाही.

हम्बोल्टपर्यंत ऊन. उणे एकतीस.
मग रस्त्यावरून बर्फ सरपटायला लागला,
आधी टायरच्या उंचीचा, कुणी पीठ चाळत चाललंय तसा.
मग बॉनेट गेलं.
मग बॉनेटपुढचं सगळंच.
मी मान वर करून पाहिलं तर आभाळ निळंच होतं;
हे अजून कुणी मानत नाही.

वडील काच खाली करून, डोकं बाहेर काढून
पांढऱ्यात पांढरी रेघ शोधत वाडीनाच्या पंपापर्यंत आले.
भुवया गोठलेल्या.
आई म्हणाली, "इथेच."
"शंभर किलोमीटर राहिलेत फक्त, ओडार्का."
"म्हणूनच."
"ती एकटी बसलीये, बारा पदार्थ करून."
आईने हात लांब केला, किल्ली फिरवली,
काढून हातमोज्यात टाकली.

रात्र कर्लिंगच्या हॉलमध्ये.
दोन नर्सा, एक लाकडाचा ट्रकवाला,
हॉकीच्या सामन्याला निघालेली अकरा मुलं,
आणि एक म्हातारा, जो कुठे चाललाय ते सांगत नव्हता.
हॉलला खिडकी नव्हती.
ओस्तापने दारावरच्या लाल दिव्याला चांदणी ठरवलं
आणि आम्ही कागदी पेल्यांतून गहू खाल्ला, सगळ्यांना चमचा चमचा.
आत्याने फोनवर एवढंच विचारलं, "थांबलात ना?"
मग बराच वेळ तिच्या स्वयंपाकघरातलं घड्याळ ऐकू आलं.
गेलेल्या माणसांसाठी एक पान रिकामं मांडतात आमच्यात.
त्या वर्षी तिच्यापुढे पाच.

सकाळी रस्ता धुतल्यासारखा.
कडेच्या चरात एकही गाडी नाही,
कुठे काचेचा तुकडा नाही, घसरल्याची खूण नाही.
वडील म्हणाले, "पोहोचलो असतो."
आई म्हणाली, "असतोही."
कनोरापर्यंत दोघं आणखी काही बोलले नाहीत.

याला आता तीस हिवाळे झाले.
वडील गेले ते जुलैमध्ये, स्वतःच्या अंथरुणात,
पायांत लोकरी मोजे, कारण त्यांना थंडी वाजत होती.
त्या वर्षी बरोबर कोण होतं, ते राहिलंच ठरायचं.

डबा माझ्या गाडीत आहे.
इतक्या उन्हाळ्यांत मऊ होऊन होऊन
मेणबत्ती एका अंगावर कलली आहे, पत्र्याला चिकटली आहे.
मुलगी विचारते, ही कधी लावली होती तुम्ही?
बाहेर इंजिन तापायला लावलंय.
मी झाकण काढते, तिला वात दाखवते.
ती बोट लावून बघते.
"बेल्ट लाव," मी म्हणते.