दगडाबद्दल काही लिहिलेलं नाही

गोड विकायचं नाही, आरोग्याचं कलम.
सोडत नाही, तो जुगार.
गाड्या धुवायच्या नाहीत, विहिरी खोल गेल्यात.
दारोदार फिरायचं नाही;
तशीही गावात दारं एकशे चौदा,
निम्म्या दारांमागे आमचीच पोरं.

हाउगन सर चष्मा पुसत वाचत राहिले,
पान सात, पान आठ.
नॉर्थ डकोटातली शाळा, मुलं एकोणतीस,
अकरा वर्षं बेसूर पडलेला एक पियानो,
आणि सूर लावणारा येणार मायनॉटहून,
मैलांचे पैसे वेगळे.

टिल्डा क्वाम सहसा बोलत नाही.
म्हणाली, "दगडांबद्दल काही लिहिलंय?"

सरांनी शोधलं. नव्हतं.

गोठलेली माती हिवाळाभर दगड वर ढकलते.
बर्फ गेला की ब्रेकींच्या शेतात
पेरणीआधीच पीक उभं.
एकरी बारा डॉलर. ट्रेलर त्यांचा, पाठी आमच्या.
मी हिशेब ठेवणारी, मीही वाकले.
वारा इतका, की हाक मारली तर
शेजारच्याला नाही, पुढच्या गावाला ऐकू जावी.
एक धोंडा चौघांनी मिळून उचलला,
त्याचं नाव पोरांनी हाउगन ठेवलं.
सर हसले. मग पाचवे म्हणून हात लावायला आले.

आता पियानो लागलाय.
डावीकडची एक पट्टी तेवढी अजून अडकते,
पैसे तिथवर पुरले नाहीत.
टिल्डानं तिच्यावर अंड्याएवढा दगड ठेवलाय,
वाजवणाऱ्यानं वळसा घालून जायचं.

काल मंडळाचं पत्र आलं:
जड वस्तू उचलण्याबाबत, पान नऊ.
मी ते अजून फाइलला लावलेलं नाही.