खाकरणं

अमळनेर, पैलाड. रात्रीचे अडीच.
चिपला अजून नीट झोपता येत नाही.
वाचन थांबलं की मी एकेक खोली बंद करत जातो:
आधी अॅम्प्लिफायर, मग डॅक, मग घड्याळ,
शेवटी बायस. तो मात्र पुरता नाही,
राखेखाली विस्तव ठेवतात तेवढा.
मीटरवर नऊ मिलिअँपचे दोन होतात.
एका चार्जवर आठवडा.

पण उठवताना घाई नडते.
व्होल्टेज भसकन चढलं
की शब्दाआधी स्पीकर म्हणतो, टक्.
महिनाभर मी त्या टक्-च्या मागावर.

तपासणीची पेटी शेजारी, वेडू आबांच्या खाटेवर.
जिनिंगच्या फाटकावर तीस वर्षं रात्रपाळी,
आता डोळे गेलेले.
पेटी त्यांना पोथी वाचून दाखवते, कापसाचा भाव सांगते.

परवा सापडलं. एकशेवीस मिलिसेकंद थांबायचं,
हळू चढवायचं, मग तोंड उघडायचं.
एवढंच होतं.

सकाळी आबा म्हणाले,
"भो, बोलाना पहिले घसा खाकरे ना हाऊ.
आते एकदम कानमा बोलस. भ्याव वाटस."

अंधारात दुसऱ्या पहारेकऱ्याकडे जाताना
आधी खोकायचं असतं,
नाहीतर काठी बसते.
डेटाशीटच्या दोनशे चौदा पानांत
हे कुठे नव्हतं.

पॅच पुण्याला पाठवला. मंजूर झाला.
आबांच्या पेटीत
जुनाच ड्रायव्हर परत टाकलाय.
कुणाला सांगितलेलं नाही.