चौथा मसुदा

शरणपूर रोडला, झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत
रात्री साडेदहाला मी खोडतेय
'अत्यंत समाधानी'.
सावळघाट उतरला की असं कुणी बोलत नाही.
तिकडे म्हणतात, बरंय.
बरंय म्हणजे बरंय.
बरंय म्हणजे बरं नाहीये, पण तू एवढ्या लांबून आलीस.
बरंय म्हणजे ऊठ आता, मला शेळ्या वळवायच्यात.
एक ते पाचमध्ये हे कुठे बसवू?

आधी चेहरे काढले होते, पाच, गोल गोल,
रडक्यापासून हसऱ्यापर्यंत.
येवजीबाबांनी प्रत्येक प्रश्नाला
हसऱ्यावरच बोट ठेवलं.
का, तर म्हणाले,
"बाकीचे आजारी दिसत्यात."

मग हो किंवा नाही.
आल्हाद शाळेत वेळेवर यायचा का? हो.
पोरांना त्याचं शिकवणं कळायचं का? हो.
त्याच्या राहण्याचा काही त्रास झाला का? हो.
माझं पेन थांबलं. कसला त्रास?
"कसला नाय. तुमी इचारलं, आमी हो म्हनलं."
आणि हे सगळं विचारत होते तेव्हा
शेजारी उभा राहून कागद सांभाळत होता
आल्हादच.
एवढी साधी गोष्ट माझ्या लक्षात यायला
तिसरा मसुदा उजाडला.

तो गेल्यावर पुन्हा गेले करंजपाड्याला.
मंजुळा भोयेच्या घरी, जिथे तो अकरा महिने राहिला.
प्रश्न सात वाचला, माझाच, मला लाज वाटेल अशा मराठीत:
स्वयंसेवकाच्या निवासामुळे आपल्या कुटुंबात
कोणता बदल जाणवला?
तिनं नागलीची भाकर उलटली.
म्हणाली, "एक ताट वाढलं."

उत्तराला चार ओळी सोडल्या होत्या.
अर्धी भरली.
ऑफिसात येऊन तक्त्यात मी लिहिलं: लागू नाही.

आज हिशोब करून बसलेय.
दिवसाला दोन, महिन्याला साठ,
अकरा महिन्यांची सहाशे साठ,
सणावारांची, पाहुण्यांसोबतची वेगळी.
आल्हादला मानधन होतं, मला पगार आहे,
जीपवाल्याला फेरीचे पैसे.
चुलीपाशी जिथे हे घडत होतं
तिथे आमचा एकही प्रश्न पोचत नव्हता.
आणि तिनं तर तक्रारही केली नव्हती,
की केली होती?
'वाढलं' म्हणजे जास्तीचं झालं,
की 'वाढलं' म्हणजे तिनं वाढलं, रोज,
मला अजून ठरवता येत नाही.
पुन्हा जाऊन विचारायची हिंमतही नाही.

निघताना तिनं माझा कागद पालथा करायला लावला.
"मागं कोरं हाय ना? मंग लिव्हा.
पुढचा पोरगा पाठवायच्या आधी त्याला इचारा:
शेळ्या घरातच निजतात, चालंल का?
नागली पचंल का?
निघताना 'येतो' म्हनंल का?"
इथे ती थांबली. तव्यावरची भाकर
एका बाजूनं जरा जास्तच झाली.
"आन् 'येतो' म्हनला, तर येतो का?"

मी तेव्हा विचारलं नाही
आल्हाद कसा निघाला ते.
पहाटेची जीप होती, एवढं मला माहीत होतं.
मीच बुक केली होती.

पुण्याच्या मॅडमनी समासात लिहिलंय,
उत्तर मोजता आलं पाहिजे.
मी मंजुळाचे प्रश्न पहिल्या पानावर घेतलेत,
तिच्याच भाषेत,
फक्त शेळ्यांचा 'निवासव्यवस्था' या मथळ्याखाली टाकला होता
तो मथळा आत्ता खोडला.

खाली शटर पडायच्या बेतात आहे.
पळत जाऊन सांगून आले, सकाळी साठ प्रती.
वर आल्यावर पुन्हा खिडकीतून ओरडले, एकसष्ट.
एक सांगलीला पाठवायची आहे,
त्याच्या पत्त्यावर.
सोबत चिठ्ठी लिहायला घेतलीय.
'प्रिय आल्हाद' झालंय.